सत्यवानाच्या गाडीचा कौल

आमच्या वाडीत कुणाच्या घरी पाहुणा यायचा असला, तर आधी ते सत्यवानाला कळते, मग घरच्या बाईला. हे मी वाढवून सांगत नाही. गेल्या गणपतीला लक्ष्मीकाकीची मुंबईची सून कणकवली स्टेशनावर उतरून थेट अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा काकी डोक्याला तेल लावून न्हाणीच्या वाटेवर होती.

"अगो, तू येतलंस ता माका कोणी सांगूक नाय!"

"सत्यवानभावोजींक सांगितलेलंय की," सून म्हणाली आणि चपला काढून आत गेली. सामान मागून सत्यवानच आणत होता. दोन बॅगा, एक पंखा आणि कसलेसे गुंडाळलेले चित्र.

हा सत्यवान बागवे. उंच, हडकुळा, आणि डोळे असे की सकाळी पाहा, दुपारी पाहा, आत्ताच कुणीतरी उठवल्यासारखे. मसुऱ्याच्या पुढे खाडीच्या अंगाला आमची वाडी आहे, तिच्या अगदी टोकाला त्याचे घर. मुंबईत एका औषधांच्या कंपनीची स्टाफबस चालवण्यात त्याचे उभे आयुष्य गेले. पहाटे बस काढायची, रात्री लावायची. धावत येणाऱ्यासाठी थांबायचे, ही सवय त्याला तिथे लागली. चांगली सवय आहे, पण ती घेऊन कोणी गावात राहायला येऊ नये. गावात सगळेच धावत येतात.

परत आला तेव्हा त्याने आपला बेत सगळ्यांना सांगितला होता. त्याचीही काही गरज नव्हती. पण माणूस खुशीत होता. "आबा, दोनच कामां करतलंय," मला म्हणाला. "झोपतलंय आणि गरवतलंय." खाडीच्या काठावर गळ टाकून बसायचे, तांबोशी लागली तर लागली, नाही लागली तर पाणी बघायचे.

मग त्याने गाडी घेतली. एका चाकरमान्याने वापरून कंटाळलेली, डिझेलवरची, सात सीटांची. घेतली ती सीतेसाठी. सीता म्हणजे त्याची बायको. तिचे माहेर कुणकेश्वरचे. लग्न झाल्यापासून नवरा मुंबईत, ही इथे, आणि महाशिवरात्रीची यात्रा तिने कधी एसटीच्या गर्दीत उभी राहून केली, कधी केलीच नाही. सत्यवान म्हणाला, आता तुला पुढच्या सीटवर बसवून नेतो. पहिल्याच वर्षी यात्रेच्या सकाळी गाडी दारातून निघाली. आत वाडीतली माणसे खच्चून भरलेली होती. लक्ष्मीकाकी पुढच्या सीटवर होती, कारण तिचा गुडघा. सीता दारात उभी होती, कारण जागा नव्हती. ती आत वळली. निरांजन घासायला घेतले एवढेच. ते घासायचा आवाज मी माझ्या पडवीत बसून ऐकला.

त्यानंतर ती गाडी वाडीचीच झाली. कुणाचे बाळंतपण, कुणाचा एक्सरे, कुणाची आंब्याची पेटी. डिझेल ज्याचे त्याने घालायचे, नारळ-कोकमे सीतेच्या ओटीवर ठेवायची. वागणुकीत कुणाची चूक काढता येणार नाही. फक्त सत्यवानाचा गळ माळ्यावर गेला, आणि तो उभ्याउभ्या झोपायला शिकला. एकदा तेराव्याच्या पंगतीत वाढता वाढता झोपला. हातात वरणाची बादली होती. मी समोरच होतो, माझ्या पानावर वरणाचा समुद्र झाला तेव्हा मी त्याला हाक मारली.

आंगणेवाडीची जत्रा झाली त्या आठवड्यात गाडी कुरकुरू लागली. जत्रेत तिने चार दिवस माणसे ओढली होती. मग एके दिवशी कणकवलीच्या वाटेवरच्या घाटीत ती चढेना. काळा धूर सोडला, खोकली, आणि बैलासारखी मान टाकून उभी राहिली. आत लक्ष्मीकाकी होती, मागे तिची तांदळाची पोती. मागून आलेल्या टेंपोवाल्याने पोती घेतली, काकी घेतली, आणि सत्यवान एकटा गाडीपाशी बसून राहिला. मला नंतर टेंपोवाल्याने सांगितले, "आबा, तो माणूस हसत होतो ओ."

गुरुप्रसाद मेस्त्री आमचा गाडीचा डॉक्टर. पाटावर बसून बोलतो तेव्हा सगळे बरोबर असते, गाडीखाली गेला की निम्मे. त्याने सत्यवानाच्या अंगणात बॉनेट उघडले आणि आम्ही चारपाच माणसे जमलो. बॉनेट उघडले की पुरुषमाणूस थांबतोच. इंजिनाच्या बाजूचा एक लहानसा व्हॉल्व त्याने सोडवून हातात घेतला. आतून तो काजळीने भरला होता, म्हातारीच्या मिशेरीच्या डबीसारखा.

"ह्यो ईजीआर," गुरुप्रसाद म्हणाला. "इंजिनाचो धूर भायर जाता ना, तेतलो थोडो हेच्यातून परत इंजिनाक पाजतत."

"कित्याक?" मी विचारले.

"हवा कमी खराब होता म्हणान. कंपनीवाल्यांचा डोका."

माझ्या आज्याची आठवण झाली. तो विडीचा धूर नाकाने सोडून खालच्या ओठाने परत आत ओढायचा, एक विडी दोनदा पुरवायचा. शेवटी तोही चढावर थांबायचा. हे मी बोलून दाखवले, पण गुरुप्रसादला विनोद कळत नाही, आणि सत्यवान ऐकतच नव्हता. तो त्या काळ्या भोकाकडे बघत होता.

"मगे? नवीन घालूचो लागतलो?" त्याने विचारले. आवाजात आशा होती. नवीन व्हॉल्व मुंबईहून येणार, येईपर्यंत दिवस जाणार.

"नवीन कित्याक? बंद करतंय. पत्र्याची एक चकती कापतंय, नळयेच्या तोंडार बसवतंय, दोन बोल्ट आवळतंय. धूर परत जावकच नको. चाय होयसर गाडी तयार."

सत्यवानाचा चेहरा पडला. माणसाला डॉक्टरने काहीही झालेले नाही असे सांगितल्यावर असा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"विचार करतंय," तो म्हणाला.

त्याने विचार केला तो फणसाच्या सावलीत गाडी उभी करून, व्हॉल्व सोडवलेला तसाच ठेवून. पहिले दोन दिवस तो नुसता झोपला. सीता सांगत होती, जेवायला उठवला तर जेवता जेवता "पुढचा स्टॉप?" म्हणून विचारले. मग माळ्यावरचा गळ खाली आला. सकाळी खाडीच्या काठावर टोपी घातलेली एक आकृती दिसू लागली. मासा लागत नव्हता. मी मुद्दाम जाऊन बघितले, आमिषसुद्धा नीट लावलेले नसायचे.

"काय रे सत्या, लागता काय?"

"लागता, आबा."

"काय?"

"वारो."

इकडे वाडी अडकून पडली. एसटी येते तेव्हा येते. बाजारातली रिक्षा खाडीच्या रस्त्यावर यायला तयार नसते, खड्ड्यांचे कारण सांगते. लक्ष्मीकाकीला गुडघा दाखवायला ओरोसला जायचे होते, आणि मे महिना तोंडावर आला होता. चाकरमानी येणार, त्यांची पोरे येणार, स्टेशनावरून त्यांना आणणार कोण? रोज संध्याकाळी कोणीतरी सत्यवानाच्या पडवीत येऊन बसे आणि गाडीच्या तब्येतीची चौकशी करी. खुद्द सत्यवानाच्या तब्येतीची चौकशी केल्याचे मी ऐकले नाही. मीही केली नव्हती. मला मालवणला चष्मा बदलायला जायचे होते.

तेव्हा सत्यवानाने कारणे द्यायला सुरुवात केली. नाही म्हणता न येणाऱ्या माणसाची कारणे फार मजेशीर असतात.

"ता बंद करना कायद्यात बसना नाय, काकी. हवा बिघडता."

"हवा?" लक्ष्मीकाकी म्हणाली. "तुझ्या गाडयेन घाटयेत सोडलेलो धूर माझ्या पातळात अजून आसा. तेव्हा खंय गेलेली तुझी हवा?"

"पीयूसी मिळाचा नाय."

गुरुप्रसाद तिथेच सुपारी कातरत होता. "मिळतला. काळो धूर उलट कमी होतलो. ती मशीन काळो धूरच बघता."

"पुढे लाल दिवो लागता म्हणतत. कॉम्प्युटराक कळता."

"तुझ्या गाडयेक कॉम्प्युटर खंय आसा, मेल्या? जुनी गाडी ती. तेका काय कळाचा नाय."

"इंजिन तापला तर?"

"सत्या," गुरुप्रसादने अडकित्ता खाली ठेवला, "तुका गाडी व्हयी काय नको, ता सांग."

सत्यवानाने तोंड उघडले. सगळी पडवी त्याच्याकडे बघत होती. स्वयंपाकघराच्या दारातून सीताही बघत होती. 'नको' हा शब्द त्याच्या जिभेवर आलेला मला स्पष्ट दिसला, आणि परत गिळलेलाही दिसला.

"तसा नाय," तो म्हणाला.

आता आमच्याकडे माणसाला ठरवता आले नाही, तर ठरवायला देव आहे. विहीर कुठे खणायची, मुलीचे स्थळ करायचे की नाही, आंब्याची बाग कुणाला द्यायची, हे आम्ही रवळनाथाला विचारतो. गुरव गाऱ्हाणे घालतो, देवाच्या मूर्तीवर डावी-उजवीकडे पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तेव्हा पत्र्याच्या चकतीचे देवाला विचारू, असे पडवीत निघाले. कुणी काढले म्हणून विचाराल तर मीच काढले. मला गंमत हवी होती.

वाटले होते, सत्यवान हसून उडवून लावील. पण त्याचा चेहरा उजळला. देवाने नाही म्हटले तर त्याला स्वतःला नाही म्हणावे लागणार नव्हते.

"विचारूया," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत मी त्याला इतक्या पटकन हो म्हणताना, आणि तेही खुशीत, बघितले नव्हते.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात जमलो. परशुराम गुरव आंघोळ करून ओलेत्याने आला. त्याने आधी पंखा बंद करायला लावला. गेल्या वर्षी कुणाच्या तरी लग्नाचा कौल चालू पंख्याखाली घेतला आणि तो तीनदा उजवा आला. ते लग्न पुढे मोडले. तेव्हापासून देवळात पंख्याचा कौल चालत नाही. घाम गळतो, पण कौल खरा निघतो.

परशुरामाला पत्र्याची चकती म्हणजे काय ते समजावून सांगायला गुरुप्रसादने व्हॉल्वच सोबत आणला होता. परशुरामाने तो हातात घेतला, वास घेतला, आणि देवाच्या पायरीवर फुलांशेजारी ठेवला. मग हात जोडून सूर लावला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वाटेच्या, बारा वहिवाटीच्या मालका!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटले.

"आज ह्यो सत्यवान बागवे तुझ्या पायाकडे इलो आसा! तेच्या गाडयेचा तोंड काळा झाला आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"ता बंद करूचा की नाय, तूच सांगूचा आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायला हवे होते. पण परशुराम एकदा गाऱ्हाण्याला लागला की पुऱ्या गावाचे कल्याण मागितल्याशिवाय थांबत नाही. मागणी किती आहे यावर त्याची कीर्ती आहे. काजूला मोहर येऊ दे, चाकरमानी सुखरूप येऊ दे, लक्ष्मीचो गुडघो बरो होऊ दे. प्रत्येकाला व्हय म्हाराजा. आमचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, तोंडातून शब्द आपोआप जात होते. लहानपणापासूनची सवय. झोपेतसुद्धा कुणी तो सूर लावला तर मी व्हय म्हाराजा म्हणेन.

"आणि ह्या सत्यवानान आजपर्यंत जशी वाडयेची सेवा केली, तशीच सेवा तेच्याकडून आणि तेच्या गाडयेकडून फुडे करून घेवची रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एक आवाज सगळ्यांच्या वर होता. मी डोळे उघडले. सत्यवानच. डोळे घट्ट मिटून, कपाळावर घाम, जीव तोडून म्हणाला होता. मनात तो डावा कौल मागत होता, हे त्याने मला पुढे सांगितले. पण तोंड सवयीने चालत होते.

परशुरामाने पाकळ्या लावल्या. आम्ही बसलो. लक्ष्मीकाकी गुडघा लांब करून एकटक बघत होती. पाकळ्या बराच वेळ चिकटून राहिल्या. देवालाही गाड्यांतले फार कळत नसावे. मग डावी पाकळी थोडी सरकली, थांबली, आणि सुटून खाली आली.

डावा कौल. चकती मारायची नाही.

सत्यवानाने श्वास सोडला तो मला दोन माणसांपलीकडून ऐकू आला. त्याचे खांदे खाली आले. त्याने देवाला साष्टांग नमस्कार घातला आणि उठायला इतका उशीर लावला की मला वाटले, तिथेच झोपला.

"चला," तो उठून म्हणाला. "देवाचो शब्द. गाडी ऱ्हवली."

"गाडी कित्याक ऱ्हवली?" लक्ष्मीकाकी अजून बसलेलीच होती. "देव चकती नको म्हणालो. गाडी नको म्हणूक नाय."

"काकी, पण चकती नसली तर..."

"आणि सेवा करतलंय म्हणान तू व्हय म्हटलंस. सगळ्यांत मोठ्यान. काय रे परशुराम?"

परशुराम तीर्थ वाटत होता. त्याने मान हलवली. "देवासमोर तोंडातसून गेला ता गेला, सत्या. तेका आता काय करूचा?"

सत्यवान माझ्याकडे बघू लागला. वाद घालायला, थट्टा करायला मी नेहमी पुढे असतो हे त्याला ठाऊक आहे. मी काहीतरी बोलायला हवे होते. पण काकीचे बरोबर होते, आणि माझा चष्मा अजून बदलायचा राहिला होता. मी तीर्थासाठी हात पुढे केला.

"मगे साफ करून घालूया," गुरुप्रसाद म्हणाला. पायरीवरचा व्हॉल्व त्याने उचलला, त्याला जास्वंदीचे एक फूल चिकटले होते ते काढले. "भिजत घालूचो, ब्रशान घासूचो, सुकवूचो, बसवूचो. परत काजळी धरतली, परत घासूचो. चकतीचा काम एकदाच होता, ह्या सतत ऱ्हवतला. पण देवाक हीच आवाड तर मी काय करू."

आणि तसेच सुरू झाले. रॉकेल आता रेशनला मिळत नाही, म्हणून सत्यवानाने बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात डिझेल घेतले, त्यात व्हॉल्व बुडवला, झाकण लावून डबा पडवीच्या कठड्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सीतेच्या जुन्या दात घासायच्या ब्रशने काजळी काढत बसला. बोटे काळी, नाक काळे. गाडी घाटी चढली. मे महिन्यात स्टेशनावरून चाकरमानी आले, त्यांची पोरे आली, त्यांच्या बॅगा आल्या. लक्ष्मीकाकी ओरोसला जाऊन आली. माझा चष्मा झाला. नव्या चष्म्यातून मला सत्यवानाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे स्वच्छ दिसली, ती काजळी नव्हती.

मेच्या शेवटाला एके सकाळी कठड्यावर परत डबा दिसला. गाडी फणसाखाली, सत्यवान खाडीवर.

"काय झाला?" लोकांनी विचारले.

"भिजत घातलेलो आसा," सीता म्हणाली.

यात कुणाला काही म्हणता येत नव्हते. देवाने सांगितलेले काम होते ते. पुढे पाऊस लागला, डबा पडवीत आत आला, पण येतच राहिला. आधी महिन्या-दोन महिन्यांनी, मग पंधरवड्याने. एवढी काजळी कशी धरते, असे गुरुप्रसादला वाटू लागले, पण तो स्वतःच 'परत धरतली' म्हणाला होता. डबा दिसला की वाडी एसटीची चौकशी करायची. बाजारातली रिक्षासुद्धा यायला लागली. तिला खड्डे कसे दिसेनासे झाले कोण जाणे. गणपतीनंतर एकदा डबा ठेवलेल्या दिवशी सीता आणि सत्यवान दोघेही घरी नव्हते. खाडीच्या काठावर दोन टोप्या दिसल्या. दुसरी टोपी सीतेच्या डोक्यावर बसत नव्हती, ती हाताने धरून बसली होती.

परवाचीच गोष्ट. मी सत्यवानाकडे पेपर मागायला गेलो. तो खाटेवर आडवा, तोंड उघडे, घोरत होता. सीता आत सुपात काहीतरी पाखडत होती. कठड्यावर डबा. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी झाकण उचलले.

डबा कोरडा ठणठणीत होता. त्यात व्हॉल्व नव्हता, डिझेल नव्हते, तळाला बिस्किटाचा चुरा होता.

मी झाकण परत बसवत होतो, तोच लक्ष्मीकाकी काठी टेकत अंगणात आली. दुसऱ्या हातात तिची पिशवी, बाजाराची.

"काय ओ आबा, गाडी आसा काय?"

मी खाटेकडे बघितले. सत्यवानाचे घोरणे थांबले होते, पण डोळे मिटलेलेच होते. आत सीतेचे सूप थांबले होते.

"नाय गो," मी म्हटले. "भिजत घातलेलो आसा."

"अजून?"

"लय काजळी," मी म्हटले, आणि डबा सरळ करून ठेवला. काकी डब्याकडे बघत जरा उभी राहिली, मग रस्त्याला लागली. खाटेवर घोरणे पुन्हा सुरू झाले, आधी खोटे, मग थोड्या वेळाने खरे.